बाळंतिणीचें वजन आणि मोबाईलवरचा निरोप

घरांत मूल जन्माला आलें कीं सर्वांचें लक्ष पाळण्याकडे लागतें. बाळाचें वजन जन्मतः किती भरलें, पहिल्या महिन्यांत तें किती वाढलें, याची चौकशी शेजारीपाजारीहि करतात, आणि दवाखान्यांतून मिळालेल्या पुस्तिकेंत त्याची नोंद नेमानें होते. बाळाच्या आईचें वजन किती, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. विचारलाच तर थट्टेनें विचारतो. सहा-आठ महिने लोटतात, जुनें पोलकें अंगाला येत नाहीं असें एके दिवशीं तिच्या ध्यानांत येतें, आणि "बाळंतपणांत अंग सुटायचेंच," या एका वाक्यानें तिची समजूत घातली जाते. थट्टा आणि समजूत या दोन्ही बाजूला ठेवून या विषयाकडे पाहण्याची गरज आहे. अलीकडे त्या कामीं एक अगदीं साधें साधन पुढें आलें आहे. तें म्हणजे तिच्या उशाशीं असलेला मोबाईल आणि त्यावर येणारा चार शब्दांचा निरोप.

प्रथम हें वजन येतें कोठून तें समजून घेतलें पाहिजे. गरोदरपणीं वजन वाढणें हें आरोग्याचेंच लक्षण होय. अमेरिकेंतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेनें २००९ सालीं जें प्रमाण ठरवून दिलें, त्याप्रमाणें बेताच्या बांध्याच्या स्त्रीचें वजन या काळांत साडेअकरा ते सोळा किलो वाढणें योग्य समजलें जातें. मुळांत स्थूल असलेल्या स्त्रीचें त्याहून कमी वाढावें. या वाढीचा एक भाग म्हणजे मूल, वार आणि गर्भजल. तो प्रसूतीबरोबर एकदम उतरतो. दुसरा भाग शरीरांत सांठलेल्या जादा पाण्याचा व रक्ताचा. तो पुढच्या कांहीं आठवड्यांत ओसरतो. तिसरा भाग मेदाचा. निसर्गानें आईच्या अंगावर बांधून दिलेली ही शिदोरी असते. मूल अंगावर पितें त्या महिन्यांत ती हळूहळू खर्चीं पडावी अशी योजना आहे. ती खर्चीं पडण्याऐवजीं तींत रोज भरच पडत गेली तर शिदोरीचें ओझें होतें, आणि दुसरें बाळंतपण आलें म्हणजे जुन्या ओझ्यावर नवें ओझें चढतें.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाहीं. स्वीडनमधील दीड लाखांहून अधिक स्त्रियांच्या लागोपाठच्या दोन गरोदरपणांच्या नोंदी तपासून २००६ सालीं एक निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पहिल्या आणि दुसऱ्या गरोदरपणाच्या दरम्यान ज्यांचें वजन बरेंच वाढलें होतें, त्यांना दुसऱ्या खेपेस रक्तदाबाचा विकार आणि गरोदरपणींचा मधुमेह अधिक प्रमाणांत झाला. मृत मूल जन्मण्याचें प्रमाणहि त्यांच्यांत अधिक आढळलें. विशेष हें कीं, ज्या स्त्रिया मुळांत स्थूल नव्हत्या त्यांच्यांतहि वाढत्या वजनाचा हा परिणाम दिसला. पहिल्या मुलाच्या वेळचें न उतरलेलें वजन असें दुसऱ्या मुलाच्या वाट्याला येतें. शिवाय गरोदरपणीं एकदां मधुमेह झाला तर तो पुढें कायमचा जडण्याचा संभव वाढतो. आणि आपल्याकडे हा विकार किती घरांतून ठाण मांडून बसला आहे, हें ऐकणाऱ्यांना निराळें सांगावयास नको.

मग बाळंतिणीनें लगेच उपास धरावे काय? मुळींच नाहीं. पहिले सहा आठवडे हे विश्रांतीचे आणि झीज भरून येण्याचे होत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणें अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला पहिले सहा महिने रोज ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० कॅलरी जादा लागतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरें आणि तूप यांची योजना ज्या आजीबाईंनीं केली, त्यांना या आंकड्यांची ओळख नव्हती; पण गरजेची ओळख पुरती होती. मात्र त्यांची योजना सव्वा महिन्याची होती, आणि सव्वा महिना सरला कीं ती स्त्री पुन्हा जात्याला, रहाटाला आणि धुण्याला लागत असे. आज जात्याची जागा गिरणीनें, रहाटाची नळानें आणि जिन्याची लिफ्टनें घेतली. लाडवांचा डबा मात्र सहा-सहा महिने भरलेला राहतो. लाडवाला दोष देण्यांत अर्थ नाहीं. हिशेब चुकला आहे.

याच्या उलट टोकाची भीति अशी कीं, आईनें वजन उतरविण्याचा प्रयत्न केला तर तिचें दूध आटेल आणि बाळाचे हाल होतील. या भीतीचें उत्तर २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत मिळतें. अंगावर पाजणाऱ्या स्थूल स्त्रियांनीं बाळंतपणानंतरच्या चौथ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत माफक आहार आणि व्यायाम ठेवून दर आठवड्याला सुमारें अर्धा किलो वजन उतरविलें. त्यांच्या मुलांची वाढ इतर मुलांसारखीच झाली. सावकाश उतरलेल्या वजनानें बाळाचें कांहीं बिघडत नाहीं, एवढें यावरून निश्चित होतें.

तेव्हां काय करावें हें माहीत आहे. शिकलेल्या घरांतील आईला तर तें सर्व पाठ असतें. भात किती, भाजी किती, चालणें किती, हें तिला कोणी नव्यानें सांगावें असें नाहीं. अडचण निराळ्याच ठिकाणीं आहे. रात्रीं तीनदां उठल्यामुळें तिची झोप मोडलेली असते. बाळ निजलें कीं तेवढ्यांत आंघोळ, तेवढ्यांत जेवण, तेवढ्यांत कपडे. स्वतःच्या ताटाकडे पाहण्याइतकी उसंत तिला मिळत नाहीं, आणि मुलाच्या रडण्याच्या धास्तीनें हाताला लागेल तें ती उभ्याउभ्या खाते. अमुक वारीं अमुक वाजतां दवाखान्यांत सल्ल्यासाठीं या, असें सांगितलें तर तिनें तान्हें मूल घेऊन बसनें जावें कसें? म्हणजे तिला ज्ञान कमी नाहीं. कमी आहे ती सवड, आणि कमी आहे तें कोणीतरी नेमानें विचारणारें माणूस.

या दोन्ही उणिवा मोबाईलचा निरोप कांहीं अंशीं भरून काढूं शकतो, कारण तो तिच्याकडे येतो, तिला त्याच्याकडे जावें लागत नाहीं. मूल पाजतां पाजतां एका हातानें तो वाचतां येतो. या निरोपाचा इतिहासहि मोठा मौजेचा आहे. ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडमध्यें नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्यानें मोबाईलवर पहिला लेखी निरोप पाठविला. त्यांत नाताळच्या शुभेच्छा होत्या. निरोपाची लांबी रोमन लिपींत १६० अक्षरें एवढी ठरली. देवनागरींत पाठविलेल्या निरोपाला त्याच जागेंत ७० चिन्हेंच मिळतात, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हीं प्रत्येकी स्वतंत्र मोजलीं जातात. म्हणजे मराठी निरोप्याला फार बेतानें बोलावें लागतें. "आज बाळाला घेऊन दहा मिनिटें चाललांत का? हो किंवा नाहीं कळवा." एवढा मजकूर त्या ७० चिन्हांत नीट बसतो, यापुढें उपदेशाला जागा उरत नाहीं. उपदेशाला जागा नसणें हा या साधनाचा मोठाच गुण मानला पाहिजे.

असे निरोप खरोखर उपयोगी पडतात काय, याची कसोशीनें झालेली एक परीक्षा अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांतली आहे. त्या देशांत १९७२ च्या कायद्यानें 'विक' या नांवाची एक सरकारी योजना सुरू झाली. बेताच्या मिळकतीच्या गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि लहान मुलें यांना तींतून पौष्टिक अन्न आणि आहाराविषयीं सल्ला मिळतो. या योजनेच्या बारा केंद्रांतून सुझान फेलन या विदुषी आणि त्यांचे सहकारी यांनीं २०११ ते २०१५ या काळांत ३७१ बाळंतिणी निवडल्या. सरासरीनें पाहतां त्यांना प्रसूत होऊन पांच महिने झाले होते, आणि गरोदर होण्यापूर्वीं होतें त्याहून त्यांचें वजन पावणेआठ किलोंच्या आसपास अधिक होतें. त्यांतील पुष्कळ जणी स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या होत्या. म्हणून सर्व मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत सिद्ध करण्यांत आला.

कांहीं केंद्रांतील स्त्रियांना नेहमींचीच मदत चालू राहिली. उरलेल्या केंद्रांतील स्त्रियांना तिच्या जोडीला एक वर्षभर आणखी कांहीं गोष्टी दिल्या गेल्या. संगणकावर दर आठवड्याला एक लहान पाठ, आपलें वजन व खाणें टिपून ठेवण्याची वही, त्या नोंदी पाहून मिळणारा अभिप्राय, मोबाईलवर वरचेवर येणारे निरोप, आणि महिन्यांतून एकदां केंद्रावर समोरासमोर बैठक, असा तो क्रम होता. बैठकीला अर्थात् मुलें घेऊन येण्यास हरकत नव्हती.

वर्षाअखेर वजनें घेतलीं. नेहमींची मदत मिळालेल्या स्त्रियांचें वजन सरासरी ०.९ किलो उतरलें होतें. दुसऱ्या गटांतील स्त्रियांचें ३.२ किलो. गरोदरपणापूर्वींच्या वजनावर परत येणाऱ्या स्त्रिया पहिल्या गटांत शेंकडा १८.६ होत्या, तर दुसऱ्या गटांत शेंकडा ३२.८. दूध कमी पडल्याच्या तक्रारींत दोन्ही गटांत लक्षांत घेण्याजोगा फरक आढळला नाहीं. २०१७ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत हे आंकडे छापून आले.

या आंकड्यांचा अर्थ लावतांना मात्र घाई करूं नये. सव्वादोन-अडीच किलोंचा फरक हा चमत्कार नव्हे. दुसऱ्या गटांतहि तीन स्त्रियांपैकीं दोघी जुन्या वजनावर परत आल्या नाहींत. शिवाय या योजनेंत निरोपांबरोबर पाठ होते, वही होती आणि बैठकहि होती. म्हणून यशाचें सारें श्रेय एकट्या निरोपाला देतां येणार नाहीं. पण दुसऱ्या बाजूनें हेंहि पाहिलें पाहिजे कीं, या स्त्रिया श्रीमंत नव्हत्या, त्यांना स्वयंपाकीण किंवा व्यायामशिक्षक ठेवणें परवडणारें नव्हतें, आणि घरीं तान्हें मूल होतें. अशा परिस्थितींत वर्षभर टिकून राहिलेला थोडा फरक हा महिन्याभरांत होऊन पुसला जाणाऱ्या मोठ्या फरकापेक्षां अधिक मोलाचा असतो.

निरोप काम करतो तें कोणत्या रीतीनें, याचा विचार केला तर शाळेंतल्या हजेरीची आठवण होते. हजेरीपटानें कोणी विद्वान् होत नाहीं. परंतु रोज आपलें नांव पुकारलें जाणार आहे आणि त्याला 'हजर' म्हणावयाचें आहे, एवढ्या जाणिवेनें मूल वेळेवर वर्गांत येऊन बसतें; पुढचें शिकविणें मग शक्य होतें. निरोपाचेंहि तसेंच आहे. त्याचें पहिलें काम आठवण देण्याचें. दुसरें काम विचारण्याचें. ज्या निरोपाला उत्तर द्यावयाचें नसतें तो थोड्याच दिवसांत भिंतीवरच्या पाटीसारखा होतो, दिसतो पण वाचला जात नाहीं. तिसरें काम उत्तराची दखल घेण्याचें. "या आठवड्यांत चालणें जमलें नाहीं," असें तिनें कळविलें, तर "बाळ आजारी होतें का? उद्यां पांच मिनिटांपासून पुन्हा सुरू करा," असें कोणी म्हटलें पाहिजे. गैरहजर राहिलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशीं सर्वांसमक्ष रागें भरलें तर तें तिसऱ्या दिवशीं येत नाहीं, हा अनुभव जुनाच आहे.

म्हणूनच वाईट निरोप हा निरोप नसण्यापेक्षां अधिक वाईट. दिवसाला दहा दहा येणारे, रात्रीं-अपरात्रीं वाजणारे, शेजारणीशीं तुलना करणारे किंवा नुसता कांट्यावरचा आंकडा विचारणारे निरोप त्या दमलेल्या स्त्रीच्या मनाला टोंचणी लावतात. महिन्यांत दहा किलो उतरविण्याची हमी देणाऱ्या जाहिराती, गोळ्या आणि काढे यांचे निरोप तर अंगावर पाजणाऱ्या आईनें वाचतांच पुसून टाकावे. आणि वजनाचा निरोप ही तिची खासगी गोष्ट आहे; तो घरांतील सर्वांच्या समाईक गटावर जाणें योग्य नव्हे.

आपल्या महाराष्ट्रांत मोबाईलवरून बाळंतिणीपर्यंत पोंचण्याची वाट नवी नाहीं. डॉ. अपर्णा हेगडे यांनीं २००८ सालीं स्थापन केलेल्या 'अरमान' या मुंबईच्या संस्थेनें २०१४ सालीं 'एममित्र' ही योजना सुरू केली. तींत गरोदर स्त्रीच्या आणि नव्या आईच्या मोबाईलवर तिच्या भाषेंत, तिनें सांगितलेल्या वेळीं, बोलका निरोप विनामूल्य येतो. २०१६ सालीं केंद्र सरकारनें 'किलकारी' ही अशीच आठवड्याला एक निरोप देणारी योजना सुरू केली. या योजनांचा विषय आई आणि मूल यांचें एकंदर आरोग्य हा आहे, वजन उतरविणें हा नव्हे. तरी त्यांनीं एक गोष्ट दाखवून दिली. जिचे दोन्ही हात बाळांत गुंतलेले आहेत, किंवा जिला वाचतां येत नाहीं, तिच्यापर्यंत आवाज पोंचतो. आणि आवाजाला ७० चिन्हांची मर्यादाहि नसते.

परंतु एखादी योजना आपल्या दारीं येईपर्यंत वाट पाहण्याचें कारण नाहीं. ज्या घरांत नुकतें मूल झालें आहे, त्या घराला ही व्यवस्था बिनखर्चानें करतां येईल. सहा आठवड्यांच्या तपासणीच्या वेळीं डॉक्टरांना विचारून, आणि पोट चिरून प्रसूति झाली असल्यास त्यांनीं सांगितलेला अवधि पाळून, आईनें चालण्यास आरंभ करावा. प्रारंभीं दहा मिनिटें पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलेलें आठवड्याचें १५० मिनिटांचें प्रमाण हळूहळू गांठावें. वजन आठवड्यांतून एकदांच, एका ठराविक वारीं, सकाळीं पाहावें आणि टिपून ठेवावें. आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक उतरविण्याची हांव धरूं नये. पोटभर जेवावें, भाकरी, वरण, उसळ, पालेभाजी, ताक यांनीं पोट भरावें, आणि फराळाचा डबा मात्र उंच फळीवर ठेवावा. आणि बहिणीनें, मैत्रिणीनें किंवा वहिनीनें, जिच्याशीं तिचें मन मोकळें होतें अशा एकीनें, दर रविवारीं एक निरोप पाठवावा व त्याचें उत्तर घ्यावें. दोघी एकाच सुमारास बाळंत झाल्या असतील तर फारच उत्तम. मग विचारणारी आणि सांगणारी असा भेद राहत नाहीं.

कधींकधीं सर्व नीट करूनहि कांटा हालत नाहीं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षांत कांहीं स्त्रियांच्या कंठग्रंथीचें, म्हणजे थायरॉइडचें, काम बिघडतें. थकवा जात नाहीं, थंडी अधिक वाजते, वजन उतरत नाहीं. कांहीं स्त्रियांचें मन खचतें. दोन आठवड्यांहून अधिक दिवस उदास वाटणें, रडूं येणें, बाळाविषयीं आस्था न वाटणें, हीं त्याचीं लक्षणें होत. अशा वेळीं वजनाचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. निरोपांना नेहमीं उत्तर देणारी स्त्री एकाएकीं गप्प झाली, तर विचारणारीनें तो आळस समजूं नये. उठून तिच्या घरीं जाऊन यावें.

शेवटीं एक गोष्ट राहते, आणि ती मोबाईलच्या आवाक्याबाहेरची आहे. "आज चाललांत का?" हा प्रश्न यंत्राला विचारतां येतो, पण ती चालून येईपर्यंत बाळाला कोण घेणार, हें यंत्राला सांगतां येत नाहीं. तें काम बाळाच्या बापाचें, आजीचें, आजोबांचें आहे. संध्याकाळीं निरोप वाजला, आणि घरांतील कोणी उठून, "दे त्याला इकडे, तूं जाऊन ये," असें म्हणालें, तर तिला त्या निरोपाचें उत्तर 'हो' असें देतां येईल.